जगात सहाशेवं व्हायचं असेल तर

चिरंजीवांनी बारावीनंतर पूर्णवेळ टेनिस खेळायचं ठरवलं आहे आणि तुम्ही होकार देऊन बसला आहात. उत्तम केलंत. नातेवाईक काय म्हणतील याची चिंता नको. ते पुढची दहा वर्षं एकच विचारणार आहेत, "मग विम्बल्डनला कधी?" यावर "बघू, यंदा फॉर्म बरा आहे" एवढं उत्तर पाठ करून ठेवा. लग्नकार्यात, बारशाला, तेराव्याला, कुठेही चालतं.

ध्येय मात्र माफक हवं. पहिला नंबर वगैरेच्या नादी लागू नका, जगात सहाशेवं येण्याचं बघा. तेही भयंकर अवघड आहे, पण आलात तर मान मोठा. जगातला सहाशेवा दातांचा डॉक्टर पार्ल्यात राहत असेल, तर त्याचे दोन दवाखाने आणि अलिबागला बंगला असतो. सहाशेव्या टेनिसपटूकडे सहा रॅकेट्स असतात आणि त्यातल्या दोनचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, तुटलेलं असतं.

आधी सराव. मुंबईत टेनिस कोर्टांना तोटा नाही, फक्त बरीचशी जिमखान्यांच्या फाटकाआड आहेत. सकाळी तिथे निवृत्त काकांची डबल्स चालते. गुडघ्याला पट्टा आणि हातात तुमच्या मुलाच्या रॅकेटपेक्षा महाग रॅकेट. संध्याकाळ इतर मेंबरांची. उरतात अकरा ते तीन, तेही मार्करशी, म्हणजे कोर्ट सांभाळणाऱ्या माणसाशी, गोडीगुलाबीने वागलात तर. मे महिन्यात या वेळेला सिमेंटच्या कोर्टावर दोन तास काढले की इजिप्तचं ऊन थंड वाटू लागतं, हा फायदा कुणी मोजत नाही. जून ते सप्टेंबर कोर्टं पाण्याखाली. तेव्हा फिटनेसवर भर द्यावा, म्हणजे किट बॅग पाठीला लावून सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये बोरिवलीला चढावं आणि दादरला उतरून दाखवावं.

मुलाचं मन खचलं तर प्रेरणा द्या. २०१७ साली ब्रेबॉर्नवर मुंबई ओपन झाली, ती अरिना साबालेंका नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने जिंकली आणि पुढे ती जगात पहिली आली. हे घरी रोज सांगा. त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या मुली पुढे काय करतात, ते शोधत बसू नका.

आता पैसा. शिडीची सर्वांत खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची एम १५ स्पर्धा. (मुलगी असेल तर एमच्या जागी डब्ल्यू घाला, बाकी दैना तीच.) १५ म्हणजे १५ हजार डॉलरची एकूण बक्षिसं. हा आकडा ऐकून मामा खूश होईल. त्याला वाटणी सांगू नका. एकेरीतल्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्याला १५६, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये, आणि त्यातूनही तो देश आपला कर कापून घेऊ शकतो. त्याआधी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेरी असते. तिथे हरलात तर काहीच नाही, एन्ट्री फी मात्र तुमची. तिथे तिसरा सेटही पूर्ण खेळू देत नाहीत, दहा गुणांच्या टायब्रेकवर उरकतात. इतक्या लांबून येऊन मुलगा दमला असेल, या काळजीपोटी असावं.

जागतिक क्रमवारीच्या गुणांचं गणित तर घरात सर्वांनी मिळून सोडवावं असं आहे. एम १५ मध्ये पाच सामने जिंकून विजेते व्हा, १५ गुण मिळतात. विम्बल्डनच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरा, १० गुण मिळतात, आणि २०२५ साली त्या हरण्याचे ६६ हजार पौंड होते. थोडक्यात, हरावं कुठे हे कळलं पाहिजे. जिंकायचं काय, ते कुणीही जिंकतं. मिळवलेले गुणही ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणून गेल्या वर्षी जिथे जिंकलात तिथे पुन्हा जायचं, पुन्हा जिंकायचं आणि होता त्याच नंबरवर राहायचं. याला प्रगती म्हणायची सवय लावून घ्या.

स्पर्धा कुठे असतात? ट्युनिशियात मोनास्टिर, तुर्कस्तानात अंताल्या, इजिप्तमध्ये शर्म अल शेख. तिथे अशा स्पर्धा ओळीने आठवडेच्या आठवडे चालतात, बहुधा समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये. स्विमिंग पूलचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायला विसरू नका. मुलगा मजेत आहे अशी नातेवाइकांची खात्री पटते आणि उसने पैसे मागायची सोय कायमची बंद होते. खोली दोघांत घ्यावी. रात्री ज्याच्याशी चार्जर वाटून घेतला, त्याच्याशीच उद्या दहाला सामना असू शकतो. बॅगेत मेतकूट, भाजणी आणि छोटी किटली ठेवा. सलग तिसऱ्या आठवड्यात तोच पास्ता समोर आला की बॅकहँड जातो, असं जाणकार सांगतात.

युरोपात खेळायचं तर शेंगेन व्हिसा. तो १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो. स्पर्धेची एन्ट्री मात्र अडीच आठवडे आधी बंद होते, आणि नेमका त्याच सुमारास तुमचा पासपोर्ट एखाद्या वकिलातीत विश्रांती घेत असतो. ज्या देशाच्या पोराला शेजारच्या देशात सायकलवरून जाता येतं, त्याच्याशी तुमचा मुलगा समान पातळीवर स्पर्धा करतो आहे. खेळाची हीच तर गंमत.

एवढ्यावर कुणी म्हणेल, वर चढलं की सगळं सुधारतं. अगदी बरोबर. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागल देशात पहिला होता, जगातल्या पहिल्या दोनशेंत होता आणि खात्यात ९०० युरो उरलेत असं जाहीरपणे सांगत होता. चार महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा हा पहिला भारतीय. तो आपला मुलगा आहे हे तेव्हा साऱ्या देशाला एकदम आठवलं. २०२४ साली एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेने, पहिल्या २५० जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली, त्या वर्षी १७६ ते २५० या क्रमांकांना ७५ हजार डॉलर. २५१ व्याला अर्थातच शुभेच्छा. २०१८ साली या खेळाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने हिशोब मांडला होता: नावाला व्यावसायिक खेळाडू पंधरा हजारांच्या आसपास, आणि खेळून खर्च भागवणारे पुरुषांत आणि महिलांत प्रत्येकी जेमतेम अडीचशे ते साडेतीनशे. तोही कोचचा खर्च न धरता. कोचला आपल्याकडे गुरू म्हणतात, म्हणून धरला नसेल.

आणि प्रेक्षक नाहीत म्हणून खंत करू नका. स्टँड रिकामा दिसतो, किंबहुना स्टँडच दिसत नाही, बॉल आपला आपणच उचलावा लागतो. पण जग बघत असतं. खुर्चीवरचा अंपायर प्रत्येक गुण टॅबवर टिपतो आणि तो क्षणात सट्टेबाजांच्या स्क्रीनवर जातो. महासंघाने असा लाइव्ह स्कोअर २०१७ ते २०२१ या पाच वर्षांसाठी विकला, त्याचे म्हणे ७ कोटी डॉलर आले. त्याच चौकशी समितीने नंतर सुचवलं की निदान १५ हजार डॉलरच्या स्पर्धांचा तरी डेटा विकू नका, कारण उपाशी खेळाडू आणि चालू सट्टा एका कोर्टावर ठेवले की काय होतं ते दिसतंच आहे. थोडक्यात, तुमच्या मुलाची डबल फॉल्टसुद्धा विकली जाऊ शकते. फक्त तिचे पैसे त्याला मिळत नाहीत. उद्या अनोळखी नंबरवरून मेसेज येईल, दुसरा सेट हरशील का, आणि रक्कम स्पर्धा जिंकण्याच्या बक्षिसापेक्षा मोठी असेल. मुलाने नाही म्हणायचं, लगेच तक्रार करायची आणि १५६ डॉलर घेऊन झोपायचं. हो म्हटलं तर आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे, आणि ती योग्यच आहे. सचोटी खालच्या पायरीवरच्यांनीच सांभाळायची असते. प्रामाणिकपणे हरला तरी ज्यांचे पैसे बुडाले ते रात्री त्याच्या इन्स्टाग्रामवर आईबहिणीचा उद्धार करून जातात. चाहतावर्ग म्हणतात तो हाच.

मुंबईत परतल्यावर मात्र कौतुकाला तोटा नाही. गणेशोत्सवात मंडळ शाल-श्रीफळ देतं. नाक्यावर फ्लेक्स लागतो, त्यात मुलापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा आणि मागे न खेळलेल्या विम्बल्डनचं हिरवळीचं कोर्ट. नारळ घरी न्यावा, गटिंगला उपयोग नसला तरी आमटीला होतो.

शहाणी मुलं टेनिसच्या जोरावर अमेरिकेत कॉलेजला जातात. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला शिकली आणि नंतर हांगझोऊला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत एशियाडचं सुवर्णही घेऊन आली. पण तुमचा मुलगा हट्टी आहे, आणि तुम्ही त्याच्याहून, म्हणून तो मार्ग सोडून देऊ.

तिशीच्या आसपास खांदा बोलू लागला की खरी कमाई सुरू होते. एखाद्या सोसायटीच्या क्लब हाऊसमागचं कोर्ट तासावर घ्या, बाहेर 'माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू' असा बोर्ड लावा आणि आठ वर्षांची पोरं गोळा करा. पहिल्याच महिन्यात चिरंजीव प्रथमच फायद्यात येतील. शनिवारी एक बाबा गाडीतून उतरतील, मुलाच्या पाठीवर त्याच्याच उंचीची बॅग असेल, आणि ते विचारतील की सर, हा विम्बल्डनला कधी? अशा वेळी चेहरा गंभीर ठेवावा, मुलाचा एक फोरहँड बघावा, "हात चांगला आहे" म्हणावं, आणि तीन महिन्यांची फी आगाऊ घ्यावी.