"सलाईन बंद करा, ताक पाजा": आखूड आतड्याच्या बाळांबद्दल फिरणारा एक मजकूर

व्हॉट्सअपवर आई-वडिलांच्या ग्रुपांमध्ये फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय साधारण असा आहे. ऑपरेशनमध्ये बाळाचं आतडं कापावं लागलं तरी ते दोन-तीन महिन्यांत पूर्ववत वाढतं. रुग्णालयं पैशासाठी बाळाला सलाईनवर ठेवतात आणि त्या सलाईननेच कावीळ होते. ते बंद करून ताक, फळांचा रस आणि तूप सुरू करा, नाहीतर शेवटी आतडं बदलायला सांगतील. आणि मुळात हे सगळं होतं ते गर्भारपणात आईने नको ते खाल्ल्यामुळे.

मजकूर सरसकट खोटा असता तर सोडून देता आला असता. पण यातल्या निम्म्या वाक्यांत थोडं थोडं खरं आहे आणि खरी अडचण तीच आहे.

आधी आतडं वाढण्याचं बघू. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं सुमारे अडीच मीटर असतं. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत ते जवळपास दुप्पट होतं, म्हणून 26 आठवड्यांत जन्मलेल्या बाळाचं जेमतेम सव्वा मीटर भरतं. त्यामुळे "40 सेंटिमीटर उरलं" या वाक्याचा अर्थ दोन्ही बाळांसाठी वेगळा होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याची नैसर्गिक वाढ अजून व्हायची असते, त्याच्या बाजूने तेवढी एक गोष्ट आहे. पण कापलेला भाग पालीच्या शेपटासारखा परत येत नाही. उरलेला भाग स्वतःला बदलतो: आतल्या अस्तराचे बारीक उंचवटे लांबतात, आतडं थोडं रुंदावतं, अन्न शोषणारा पृष्ठभाग वाढतो. ही प्रक्रिया ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच सुरू होते, हे खरं. ती पूर्ण व्हायला मात्र महिने नव्हे, बहुतेकदा वर्षं लागतात.

शिवाय लांबीइतकंच महत्त्व कोणता भाग उरला याला आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग असं रूप बदलण्यात पहिल्या भागापेक्षा सरस असतो. बी-12 जीवनसत्त्व आणि पित्तक्षार शोषायचं कामही त्याचंच, ते दुसरा कुठलाच भाग करत नाही. तो गेला तर मूल तोंडाने नीट जेवायला लागल्यावरही बी-12ची इंजेक्शनं चालू ठेवावी लागू शकतात. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप वाचली की नाही, हेही बघितलं जातं. 1972 मध्ये विलमोर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने 50 बाळांच्या नोंदी तपासून म्हटलं होतं की झडप असेल तर 15 सेंटिमीटरपेक्षा आणि नसेल तर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त आतडं उरलेली बाळं जगू शकतात. आज त्याहून कमी आतड्यावरही मुलं जगतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे मजकूर जे बंद करायला सांगतो तेच.

ज्याला मजकूर "सलाईन" म्हणतो ते सलाईन नाहीच. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 100 मिलिलिटरमागे जेमतेम 17 कॅलरी. तीन किलोच्या बाळाला दिवसाला निदान 300 लागतात, म्हणजे त्या बाटलीने त्याचं पोट भरायचं तर पावणेदोन लिटर द्रव त्याच्या शिरेत ओतावा लागेल. एरवी त्याला दिवसभरात अर्धा लिटरही पुष्कळ होतो. म्हणून ग्लुकोज, प्रथिनांचे घटक, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं असं सगळं दाट करून मोठ्या शिरेतल्या नळीवाटे दिलं जातं. वॉर्डात त्याला टीपीएन म्हणतात. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात डड्रिक, विलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात जवळपास आतडंच नसलेल्या एका बाळाला फक्त शिरेतून सगळं अन्न देऊन वाढवून दाखवलं. त्याआधी अशी बाळं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत उपाशी मरत. आतड्याला रूप बदलायला जी वर्षं लागतात ती टीपीएन मिळवून देतं. ते मनाने तोडलं तर बाळाची रक्तातली साखर काही वेळातच धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उपासमार त्याच्या पुढची गोष्ट.

आता काविळीबद्दल. हा आरोप खोटा नाही. दीर्घकाळ टीपीएनवर असलेल्या बाळांचं यकृत बिघडतं, आणि एकेकाळी यातली अनेक मुलं आतड्याने नव्हे, यकृताने गेली. तोंडाने काहीच न जाणं, नळीतून वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि सोयाबीन तेलाचा स्निग्ध द्रव, ही त्यामागची मुख्य कारणं. त्यावरचे उपायही याच कारणांतून निघाले. सोयाबीनचं प्रमाण कमी करतात किंवा माशाच्या तेलाचा द्रव वापरतात. बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये अमेरिकेत लहान मुलांतल्या या काविळीसाठी त्याला मान्यता मिळाली. नळीत टॉरोलिडीनसारखं जंतुरोधक द्रावण भरून ठेवतात. आणि जमेल तितक्या लवकर तोंडाने थेंब थेंब सुरू करतात.

खर्चाचा संशय मात्र मी उडवून लावणार नाही. टीपीएन महाग आहे, महिनोन् महिने चालतं, आणि अमेरिका-युरोपात मुलं ते घरी घेतात तशी सोय आपल्याकडे फार थोड्यांना मिळते. घर विकायची वेळ आलेल्या बापाला कोणी "हे सगळं पैशासाठी" म्हटलं की ते पटतं. बिलाबद्दल जाब विचारावा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. नळी काढणं हा बिलावरचा उपाय नाही.

आता ताकाकडे. आखूड आतड्यात न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. तिथले काही जीवाणू, त्यात दही-ताकात असणाऱ्या लॅक्टोबॅसिलसच्या काही जातीही आल्या, तिच्यापासून डी-लॅक्टेट नावाचं आम्ल बनवतात आणि शरीराला ते लवकर निपटता येत नाही. मग मूल पेंगुळतं, जीभ जड होते, चाल झोकांड्या खाते. बघणाऱ्याला वाटावं, दारू पाजली की काय. लॅक्टेटची नेहमीची रक्ततपासणी दुसऱ्याच प्रकारचं लॅक्टेट मोजते, त्यामुळे मुद्दाम शोधल्याशिवाय हे सापडतही नाही. दुसरं, मोठ्या शिरेत नळी असलेल्या मुलांत प्रोबायोटिकमधले जिवंत जीवाणू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. चमचाभर दह्याने प्रत्येक मूल आजारी पडेल असं नाही, पण "पोटाला चांगलं" हा आपला घरगुती नियम इथे डोळे मिटून लावता येत नाही.

फळांचा रस तर सरळ नुकसान करतो. त्यातली साखर आतड्यात पाणी ओढते आणि शी वाढते. पोटावर शी बाहेर काढणारी पिशवी असेल तर शीबरोबर सोडियमही वाहून जातं. सोडियम कमी पडलं की पुरेशा कॅलरी मिळूनही वजन वाढत नाही. म्हणून डॉक्टर लघवीतलं सोडियम तपासत राहतात आणि नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचं मोजून केलेलं ओआरएस देतात. तुपाबद्दल एवढंच की ते वंगण नाही. स्निग्ध पदार्थ विषही नाहीत, प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतात.

तोंडाने सुरुवात करायला सर्वांत चांगलं आईचं दूध, कारण आतडं वाढायला हातभार लावणारे घटक त्यात असतात. आईचं पुरेसं नसेल तर दूधपेढीचं. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली दूधपेढी आशियातली पहिली मानली जाते.

आतडं बदलायचं म्हणाल तर ती शेवटची पायरी आहे. तिच्या आधी फुगलेलं आतडं उभं चिरून दोन नळ्या करून लांबवण्याची बियांची या शल्यचिकित्सकाची शस्त्रक्रिया आहे, 1980 सालची. 2003 मध्ये आडव्या स्टेपल मारून लांबवण्याची पद्धत आली. आतड्याची शोषणक्षमता वाढवणारं टेडुग्लुटाईडचं रोजचं इंजेक्शन अमेरिकेत 2019 पासून एक वर्षावरच्या मुलांना देता येतं, पण त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांनी शिरेतल्या अन्नावर असलेल्या अशा 272 बाळांचा मागोवा घेऊन 2012 मध्ये निकाल छापले: 47 टक्के शिरेतल्या अन्नापासून पूर्ण सुटली, 26 टक्क्यांना आतड्याचं प्रत्यारोपण करावं लागलं, 27 टक्के वाचली नाहीत. हे आकडे गोड नाहीत, पण "शेवटी सगळ्यांचं आतडं बदलतात" असंही ते म्हणत नाहीत.

राहिली आई. आतडं कापावं लागण्याची नेहमीची कारणं अशी: अपुऱ्या दिवसांच्या बाळात आतड्याचा भाग सडणं, जन्मतः आतडं बंद असणं, पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आतडी बाहेर असणं, आणि आतड्याला पीळ पडणं. यातलं काहीही आईने पपई किंवा वांगं खाल्ल्याने होत नाही. पण पिळाबद्दल घरच्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर ग्राईप वॉटर देत सकाळची वाट बघू नका. पीळ पडलेलं आतडं काही तासांत मरतं, त्यामुळे रात्री दोन वाजता का असेना, शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात बाळाला घेऊन निघा.