तीस फूट मागे

आमच्या पार्ल्याच्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटवरून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर जुंपली आहे. तीन मजले, आवारात फणस, अशा किती इमारती उरल्यात आता, एवढंच मी लिहिलं. त्यावर दादाचं उत्तर आलं, ‘जुनी घरं जपणं हे पैसेवाल्यांचे चोचले. तुला शिकागोत बसून काय जातंय बोलायला?’

चोचले! हा शब्द लागला मला.

शिकागोच्या युनियन स्टेशनहून लोकलने घरी येताना मी हार्लेमला उतरतो, पुढचं स्टेशन रिव्हरसाइड, शिकागोचं एक जुनं उपनगर. रविवारी तिथे चालायला जातो आणि हमखास वाट चुकतो, कारण रस्ते सरळ नाहीतच. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉ यांनी १८६९च्या सुमारास ते मुद्दाम वळणावळणाचे आखले. दिवसभर शहराच्या काटकोनांत धावलेला माणूस संध्याकाळी गाडीतून उतरला की त्याची चाल आपोआप मंदावली पाहिजे. घर रस्त्यापासून ३० फूट मागे, आणि मधल्या जागेत झाड हवंच. नदीकाठ मोकळा. रस्त्यावर गॅसचे दिवे, आजसुद्धा. स्टेशनाजवळची पाण्याची जुनी टाकी विल्यम जेनी या वास्तुकाराची. याच जेनीने पुढे शिकागोत लोखंडी सांगाड्यावर उंच इमारत उभी केली. म्हणजे दादा, तुझ्या टॉवरचा आजोबाच म्हण की! त्याची टाकी गावाने जपली आणि आपल्याला एक फणस जपवत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, फोटोंसकट.

जे लिहिलं नाही ते असं, की रिव्हरसाइड हा मुळात बिल्डरचाच धंदा होता. रेल्वेमार्गालगत नदीकाठची जमीन घ्यायची, तिथून शहरात ये-जा करता येईल असं सांगून प्लॉट विकायचे. १८७१ला शिकागो जळलं, पैसा तिकडे वळला, १८७३च्या मंदीत कंपनी बुडाली. नामवंत वास्तुकार फ्रँक लॉइड राइटचं कुनली घर बघायला लोक लांबून येतात खरे, पण तितक्याच नामवंत लुई सलिव्हनचं बॅबसन घर याच गावात १९६०मध्ये पाडलं गेलं. गावाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला १९७०मध्ये, म्हणजे दहा वर्षं उशिरा. हे दादाला कळलं असतं, तर त्याने माझीच फिरकी घेतली असती.

आणि आणखी एक. मी रिव्हरसाइडमध्ये राहत नाही. तिथलं घर आणि तिथला प्रॉपर्टी टॅक्स मला झेपणारा नाही. मी त्याच्या अलीकडच्या बर्विन गावात, विटांच्या बंगल्यांच्या रांगेत राहतो. एकसारखी, आटोपशीर घरं. मला आवडतात. पण फोटो काढायला मी हार्लेम अ‍ॅव्हेन्यू ओलांडून पलीकडेच जातो.

पार्ल्याचंही तसंच. मला आठवतो तो बिस्किटाचा वास, आणि तो कारखाना बंद होऊनही आता दहा वर्षं होत आली. बाबा ८:२२ची चर्चगेट स्लो पकडायचे, संध्याकाळी फणसाखाली चपला झटकून वर यायचे. खाली पडून कुजलेल्या फणसांवरच्या माशा मात्र मला आठवत नाहीत. त्या काकूने झाडल्या. लिफ्ट नाही, तिसरा मजला, काकूचे गुडघे गेलेले, जिन्याच्या खांबाची सळई बाहेर आलेली. सात वर्षांपूर्वी मी सुट्टीत दोन आठवडे राहिलो, तेव्हा पहिल्याच पावसात छत गळलं आणि उरलेले दिवस मी हॉटेलात काढले.

कबूल करून टाकतो. कुलमुखत्यारपत्र मी फेब्रुवारीतच नोटरी करून पाठवलंय. संमतीपत्रावर दादाची सही म्हणजे माझीच सही. वाढीव कार्पेट एरिया किती मिळणार, हे मीच त्याला दोनदा विचारलं होतं. ग्रुपवर नाही, खासगीत.

काल त्याने विचारलं, ‘पार्किंग एक घ्यायचं की दोन?’

मी लिहिलं, दोन. तिथे माझी एकही गाडी नाही.