कानात मेणबत्ती लावून मळ निघत नाही, कान भाजतो

आमच्या गेवराईच्या आत्यानं एक व्हिडिओ पाठवला आणि खाली व्हॉइस मेसेज, "लेकराचा कान लई वाहतोय रे, हे करून बघू का?" लेकरू म्हणजे तिचा चार वर्षांचा नातू. व्हिडिओत एक बाई कुशीवर झोपलीय, कानात वीतभर लांब पोकळ मेणबत्ती खोचलीय आणि वरचं टोक पेटवलंय. दावा काय तर ज्योतीमुळं कानात ओढ तयार होते, पंधरा मिनिटांत जुना मळ वर येतो, सायनस मोकळा होतो, कमी ऐकू येणाऱ्याला नीट ऐकू येतं, होपी आदिवासींची हजारो वर्षांची पद्धत आहे, आयुर्वेदातही आहे आणि साइड इफेक्ट शून्य. आत्याला फोनवर काय म्हणायचं ते म्हणलंय, पण हाच व्हिडिओ आता भावकीच्या ग्रुपवर पण फिरायलाय म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

आधी तो मळ, कारण लोकांचा विश्वास बसतो तो तिथंच. मेणबत्ती विझवून उरलेला तुकडा चिरून दाखवतात, आत पिवळट-तपकिरी भुकटी आणि मेणचट गोळे, आणि माणूस म्हणतो बाप रे, एवढी घाण माझ्या कानात होती! ती घाण कानातली नाहीच. मेण लावलेलं सुती कापड गुंडाळून ही नळी करतात, ती जळताना अर्धवट जळालेलं मेण आणि काजळी खाली नळीत साचते, बास. खात्री करायचीय तर तीच मेणबत्ती एखाद्या रिकाम्या बाटलीच्या तोंडात धरून जाळा आणि मग चिरून बघा, तोच "मळ" निघेल. आता बाटलीला कुठून आला मळ?

आणि ती ओढ. लॅरिंगोस्कोप नावाच्या डॉक्टरांच्या मासिकात 1996 साली याचा अभ्यास छापून आलाय. कानाच्या नळीचं मॉडेल करून दाब मोजला तर ओढ अजिबात तयार झाली नाही. मग खऱ्या माणसांच्या 8 कानांवर करून बघितलं, मळ एकाही कानातून निघाला नाही, उलट काही कानांत मेणबत्तीचं मेण जाऊन बसलं. त्याच अभ्यासात 122 कान-नाक-घसा डॉक्टरांना विचारलं तर यातून झालेल्या 21 इजा समोर आल्या, बहुतेक भाजलेले, बाकी मेणानं नळी बंद झालेले आणि एकाचा तर पडदाच फाटलेला. आणि समजा ओढ झाली असती, तर चिकट मळ उपटून वर आणायला जेवढा जोर लागेल तेवढ्यानं आधी पडदाच फाटला असता, तेव्हा ओढ नाही हे एका अर्थी बरंच आहे.

आता सगळ्यात जीव जळतो ते "साइड इफेक्ट शून्य" वाचून. चार वर्षांचं लेकरू कानाशी जाळ धरल्यावर पंधरा मिनिटं गप पडून राहील का? ते मान हलवणारच आणि वितळलेलं मेण थेट कानात, गालावर, केसात. त्यात याचा कान वाहतोय. कान वाहतो तेव्हा बऱ्याचदा पडद्याला भोक पडलेलं असतं, म्हणजे गरम मेण पडद्याच्या पलीकडं नाजूक हाडं असतात तिथपर्यंत जाऊ शकतं. तिथलं नुकसान जन्मभराचं होऊ शकतं हो! आत्याला म्हणलं, मेणबत्ती तर नाहीच, पण लसूण घालून गरम केलेलं तेलही वाहत्या कानात सोडू नको, कान कोरडा ठेव आणि उद्याच सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीला ने. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं 2010 मध्ये या मेणबत्त्या विकणाऱ्या कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवलीत आणि लहान लेकरांना धोका जास्त असं स्पष्ट सांगितलंय. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

सायनसचं तर काही बोलायलाच नको. कानाची नळी आत पडद्यापाशी बंद होते, तिचा नाकाशी थेट रस्ताच नाही, मग बाहेरच्या जाळानं सायनस मोकळा होणार कसा?

होपी हे अमेरिकेतल्या ॲरिझोनातले आदिवासी, आणि त्यांच्याच संस्कृती जतन कार्यालयानं सांगितलंय की आमच्यात अशी पद्धत नाही, आमचं नाव वापरू नका.

आयुर्वेदाचं म्हणाल तर कर्णधूपन आहे, मान्य. पण तो औषधी धूर, वैद्य बघून देतो. पेटती मेणबत्ती कानात खोचून मळ ओढून काढणं आणि ते एक नाही, त्या नावाखाली हे खपवू नका. झोपून बरं वाटतं म्हणणारे पण आहेत, ते खरं असेल, पण दुपारच्याला पंधरा मिनिटं आडवं पडलं की कुणालाही बरं वाटतं.

आपल्याकडं सोयाबीनची मळणी चालू झाली की मशीनपाशी उभ्या माणसाच्या कानात भुसा-धूळ जाते, म्हणून कान साफ करायची घाई सगळ्यांना. पण ही धूळ अडवायलाच तर मळ असतो, आणि जबडा हलला की तो हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. काडी, पिन, कानकोरणं घातलं की उलट आत ढकलला जातो. खरंच दडा बसला असेल, ऐकू कमी येत असेल तर डॉक्टर मळ मऊ करायचे ड्रॉप देतात, नंतर मशीननं ओढून किंवा पाण्यानं धुवून काढतात, काम थोडक्यात होतं. फक्त आधी कधी कान फुटलेला असेल किंवा आत्ता वाहत असेल तर ते आधी सांगा, आणि मेडिकलवरून कुठलेही ड्रॉप आणून मनानं घालू नका.