बुटांची खोळ

आज बडोद्याच्या दांडिया बाजारात एका दुकानात बुटांवरून घालायच्या रबरी खोळी मागितल्या. काउंटरवरचा मुलगा हसला. "मासी, एने शू कवर केहवाय." त्याचं काही नाही, तो गुजराती. पण शेजारच्या आपल्याच मराठी बाई "खोळ काय हो, उशी आहे का ती?" म्हणून त्याच्याबरोबर हसल्या. ते लागलं.

खोळ हा आमच्या आजीचा शब्द. आजोबा कोठीतल्या सरकारी कचेरीत होते. चामडी बूट एकच जोड, म्हणून पावसाळ्यात त्यावर काळ्या रबराचा जोड चढवून चालत जायचे. कचेरीत त्याला गलोशेस म्हणत. आजीला तो शब्द कधी आपला वाटला नाही. उशीला खोळ, गादीला खोळ, पावसात शेतकरी डोक्यावर घेतो तीही घोंगडीची खोळ. मग बुटांची का नाही? इंग्रजांनी तरी काय केलं? गलोश फ्रेंचांकडून उचलला, आणि तोही मुळात लाकडी तळव्याचा जोडा! १८३९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरनं रबर गंधकाबरोबर तापवलं, तेव्हा कुठे ते उन्हात चिकटायचं आणि थंडीत तडकायचं थांबलं. नव्या वस्तूला त्यांनी जुनाच शब्द दिला. आजीनं दिला तर हसायचं?

आणि हे बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, त्या गावात. संताप येतो.

हो, लोक बोलतात तोच शब्द टिकतो, मान्य. विश्वामित्री नदी चढली की खोळीचा उपयोग नाही, हेही मान्य. २०२४ च्या ऑगस्टात आपण पाहिलंच.

पण मी दुसरीत असताना शाळा सुटली तेव्हा रावपुऱ्यात घोट्यापर्यंत पाणी होतं. आजोबा घ्यायला आले. माझे नवे कॅनव्हासचे बूट पाहिले, ओट्यावर टेकले, स्वतःच्या खोळी काढून माझ्या पायांत चढवल्या आणि निसटू नयेत म्हणून सुतळीनं बांधल्या. घरापर्यंत ते त्या एकुलत्या चामडी बुटांनी पाण्यातून चालले. आजीनं दारातच विचारलं, "खोळी कुठायत?" त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. ती काही बोलली नाही. बुटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबून चुलीपाशी ठेवले.

आज घेतलेला जोड घट्ट होतोय. उद्या बदलायला जाणार आहे. खोळच म्हणणार.