‘लोककथेला मालक नसतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘लोककथा, लोकगीतं सगळ्यांची. कॉपीराइटच नाही, तर परवानगी कशाला? उलट पडद्यावर आणली की त्या समाजाचा मानच वाढतो.’ पुण्यातल्या लघुपट आणि वेबसिरीज करणाऱ्यांमध्ये हा मजकूर सध्या फिरतोय. त्यावर विसंबून युनिटं जेजुरीला, मावळात, जुन्नरला शूटला निघतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कॉपीराइट नाही.’ कथेपुरतं हे बहुतेक वेळा खरं आहे. पण कॅमेऱ्यासमोर येतं ते कुणीतरी केलेलं सादरीकरण, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सादरकर्त्याचे हक्क वेगळे दिले आहेत. ते ५० वर्षं टिकतात. व्याख्येत गायक-वादकांबरोबर कसरत करणारे आणि गारुडीसुद्धा आहेत. लेखी संमती मिळाली की त्या चित्रपटापुरता निर्मात्याचा मार्ग मोकळा होतो. तरी २०१२ च्या दुरुस्तीमुळे व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर सादरकर्त्याचा हक्क राहतो. वाघ्या-मुरळीच्या जागरणाचा आवाज मोबाइलवर टिपून ट्रेलरखाली लावला, तर तो फुकटचा माल ठरत नाही.

‘गाणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक असतं?’ विचारलं की कळतं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव नोंदवलेलं आहे. श्रेयनामावलीत नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलं की पुढे काय होतं? गाण्याचं रेकॉर्डिंग म्युझिक कंपनीच्या नावावर चढतं, यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे आवाज आपोआप जुळवून मालक ठरवणाऱ्या यंत्रणेत जातं, आणि मूळ गाणाऱ्या पार्टीने स्वतःच्याच आवाजाचा तो तुकडा टाकला तर दावा त्यांच्या व्हिडिओवर येतो. हा सरळ अन्याय आहे. करारात दोन ओळी घातल्या असत्या तर टळला असता.

‘दाखवलं म्हणजे मान वाढतो.’ कसं दाखवलं? १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण गुन्हेगारी मालिकांतला हवालदार अजून ‘पारध्यांचं काम दिसतंय’ म्हणतो आणि पुढचा सीन सुरू होतो. तपासाला त्या वाक्याची गरज नसते. शिवाय पडद्यावरचा पारधी सरधोपट गावरान मराठी बोलतो. त्याची स्वतःची बोली गुजरातीच्या जवळची आहे. त्या समाजातला माणूस संवादलेखनाला, मानधन देऊन, सोबत बसवला की दोन्ही चुका कागदावरच सापडतात.

‘उद्या रामायणालाही परवानगी मागा.’ ती तुलना इथे लागू नाही. रामायण शतकानुशतकं खुलेपणाने सांगितलं जातंय. ठरावीक घरात, ठरावीक विधीतच म्हटली जाणारी कथा वेगळी.

‘ही सेन्सॉरशिप झाली.’ २०१९ मध्ये डिस्नेने ‘फ्रोझन २’साठी उत्तर युरोपातल्या सामी या आदिवासी लोकांच्या प्रतिनिधी संस्थांशी लेखी करार केला, त्यांचे सल्लागार घेतले आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही आणला. चित्रपट अडला नाही.

बाकी राहतो खर्चाचा मुद्दा, आणि तिथे गाडी अडते ती बहुतेक वेळा उशिरामुळे. संमती रेकीच्या, म्हणजे शूटची जागा बघायला जाता त्या वेळीच मागा, पटकथा खर्ड्यात असताना. एकट्या सरपंचाची सही पुरत नाही. गाणारी मंडळी आणि विधीचा मान ज्या घराकडे आहे ते घर, दोघांना विचारा. कागद मराठीत असू द्या, वाचून दाखवा. दिवसाचं मानधन आणि वापराचे पैसे वेगळे लिहा. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमचं’ ही तयार ओळ काढून कुठे आणि किती काळ ते नेमकं मांडा. रिमिक्स आणि एआयसाठीचा वापर यांना वेगळा होकार घ्या. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, पिक्चर लॉकच्या (दृश्यांचं संकलन पक्कं होण्याच्या) आधी दाखवा. लॉकनंतर दोन मिनिटं काढायची तर संगीत, मिक्सिंग, सबटायटल सगळं पुन्हा, मग निर्माता ‘आता शक्य नाही’ म्हणतो आणि आक्षेप तसाच राहतो. आणि मूळ फुटेजची एक प्रत पार्टीला द्यायची तारीख संमतीपत्रातच घाला, कारण काम संपलं की हार्ड डिस्क पुसून पुढच्या शूटला लावली जाते.