कर्ज थकलं आणि बँकेची १३(२) ची नोटीस आली? वकील डीआरटीतला (कर्जवसुली न्यायाधिकरणातला) गाठा, आणि लवकर गाठा

बँकेच्या वसुली विभागात माझी बरीचशी नोकरी गेली, त्यामुळे पेपरातल्या ताबा नोटिसा आजही नेमाने वाचतो. नागपुरातल्या बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, वाडीच्या. फ्लॅट नंबर, चतुःसीमा, कर्जदाराचं आणि सहकर्जदाराचं नाव, सगळं छापलेलं असतं. दरवेळी वाटतं, या कुटुंबाने नोटिशीनंतरच्या साठ दिवसांत कोणाला गाठलं असेल? माझा अनुभव सांगतो, बहुतेक जण कोणालाच गाठत नाहीत. नाहीतर भलत्याच माणसाला गाठतात.

भलता म्हणजे वाईट नव्हे. ज्यांनी घराची रजिस्ट्री करून दिली ते वकीलसाहेब, किंवा साळ्याच्या ओळखीतले कोणी. माणसं चांगली असतात, पण हा प्रांत त्यांचा नसतो. ते दिवाणी कोर्टात मनाई हुकमासाठी दावा टाकतात. १३(२) ची नोटीस येते सरफेसी कायद्याखाली. तारण ठेवलेलं घर कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा हा कायदा २००२ चा आहे आणि त्याच्या कलम ३४ ने अशा प्रकरणात दिवाणी कोर्टाचं दार जवळपास बंदच केलंय. तिकडे तारखा पडत राहतात, आणि इकडे बँकेने ताब्याची कारवाई केल्यापासून कलम १७ खाली दाद मागायची ४५ दिवसांची मुदत निघून जाते. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय, आणि तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत वर्गातलं, होतं. मग १३(२) ची नोटीस येते आणि साठ दिवस मिळतात. या साठ दिवसांत कर्जदाराला लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. आमच्याकडे यायची ती पत्रं बहुतेक एकाच छापाची: "साहेब, धंदा बसला, घरात आजारपण आहे, कृपया मुदत द्या." वाचून जीव तुटायचा, पण फाईल पुढे सरकायचीच. कधीतरी मात्र जाणत्या वकिलाचं पत्र यायचं. खातं एनपीए कोणत्या तारखेला केलं? अमुक महिन्यात शाखेत रोख भरलेले दोन हप्ते उताऱ्यात का नाहीत? दंडाची रक्कम मुद्दलात कशी मिसळली? असं पत्र आलं की फाईल थेट विधी विभागात जायची, उतारा नव्याने तपासला जायचा, आणि मग तडजोडीचं बोलणं सुरू व्हायचं. कर्ज तेच, घर तेच, फरक एका पत्राचा.

आपल्या नागपुरात डीआरटी आहे. तिथे कलम १७ चा अर्ज करायला थकीत रक्कम आधी भरावी लागत नाही; ७५ टक्के भरण्याची जुनी अट सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये रद्द केली. बावीस लाखांच्या थकबाकीवर अर्जाची फी आठ हजार रुपये पडते, वकिलाची वेगळी. पण इथे हरलात तर अपील मुंबईला, आणि तिथे कर्जदाराला थकबाकीच्या निम्मी रक्कम भरावी लागते. फार तर ती २५ टक्क्यांवर येऊ शकते. ज्याचा हप्ताच निघत नाही तो एवढे पैसे आणणार कुठून? म्हणून खरी लढाई नागपुरातच लढायची असते, आणि इथे रोज उभा राहणारा माणूसच हवा.

तो शोधायचा कसा? सरळ डीआरटीत जा. त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, बघा, कर्जदारांच्या बाजूने कोण बोलतंय ते ऐका. तिथले बरेच वकील बँकांच्या पॅनलवर असतात, तेव्हा "माझ्या बँकेचं काम तुमच्याकडे आहे का?" हे विचारायला लाजू नका. चांगला वकील तुमची कहाणी ऐकायच्या आधी दोन गोष्टी विचारेल: कर्ज बँकेचं की पतसंस्थेचं, आणि नोटीस हातात कधी पडली. पतसंस्थेचा रस्ता वेगळा आहे. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो, आणि त्याला सहकाराची प्रकरणं चालवणारा वकील लागतो.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. गृहकर्जात बायको बहुधा सहकर्जदार असतेच, तिने अर्ज करावा. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

आणि "लोन सेटल करून देतो, इतके टक्के द्या" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. वकिलाला बार कौन्सिलच्या नियमाने जाहिरात करता येत नाही आणि निकालावर टक्केवारीही घेता येत नाही. म्हणजे असं बोलणारा एकतर वकील नाही, नाहीतर नियम मोडतोय. वकीलपत्रावर सही करताना सनद नंबर बघा, पैशाची पावती घ्या.

वकील कर्ज माफ करून देत नाही, हेही स्पष्ट सांगतो. घेतलेले पैसे द्यायचेच आहेत. पण लिलावाची जाहिरात निघायच्या आधी पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येतं, किंवा बँकेच्या संमतीने आपणच गिऱ्हाईक बघून बऱ्या भावात विकता येतं. जाहिरात निघाली की हा हक्क जातो. लिलावात घर मातीमोल गेलं आणि वर बाकी शिल्लक राहिली, अशी कुटुंबं मला माहीत आहेत. चार लोकांत बोभाटा होईल म्हणून ती गप्प बसली होती. बोभाटा व्हायचा तो पेपरात छापून झालाच.

पहिल्या भेटीला जाताना नोटीस पाकिटासकट न्या, पोस्टाच्या शिक्क्यावरून तारीख कळते. सोबत मंजुरीपत्र, खात्याचा पूर्ण उतारा आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती. उतारा नसेल तर आजच शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.