प्रिंटला जे लागतं तेच नेमकं महागाच्या पेटीत का कोंडता?

मॉनिटर कॅलिब्रेट करायची, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजून जुळवायची, यंत्रं विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला मूर्ख समजणं आता बंद करावं. डोकं फिरलंय माझं.

माझी मागणी काय? स्क्रीनवर दिसतो तसा फोटो कागदावर यावा. बास. सोमवती अमावस्येचे जेजुरीचे फोटो आहेत. स्क्रीनवर भंडारा लखलखीत पिवळा, प्रिंटमध्ये मातकट. पागोट्याखालचा म्हातारबाबांचा चेहरा बघा: स्क्रीनवर डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या दिसतात, त्यांत अडकलेली हळदसुद्धा दिसते. कागदावर डोळेच शोधावे लागतात. आणि लॅबचं ठरलेलं उत्तर, "आमच्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय, दादा." तुमच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतात त्याची फाइल द्या, घरी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघून मग फाइल पाठवतो म्हटलं, तर साधी नेहमीच्या रंगांची फाइल मागतात: "एसआरजीबी जेपेग द्या, बाकी आम्ही बघतो." काय बघता? ऑटो करेक्शन मारता आणि मोकळे होता!

प्रिंट काळी येण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे स्क्रीनचा उजेड. नवा मॉनिटर पेटीतून निघतो तो अडीचशे-तीनशे कॅंडेलाने (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) डोळ्यांत घुसतो. प्रिंटशी ताडून बघायचं तर साधारण ८० ते १२० पुरतात. भगभगीत स्क्रीनवर एडिट केलं की माणूस फोटो नकळत गडद करणारच. मॉनिटर विकताना हे कोणी सांगतं का? नाव नको. "फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे सर, काही करायला लागत नाही." पेटीत एक कागद असतो, डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, दोनच्या आत वगैरे. तो त्या दिवशीचा, कारखान्यातल्या सेटिंगचा. पुढे ब्राइटनेस तुम्ही बदलता, बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, वापरून उतरत जातो, तेव्हा त्या कागदाची किंमत शून्य.

म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं. इथून खरा छळ सुरू.

यंत्र म्हणजे मुठीत मावणारा एक सेन्सर. वायरवरचं वजन मॉनिटरच्या पाठीमागे सोडायचं, सेन्सर पुढे काचेला टेकवायचा, स्क्रीन जराशी मागे कलती करायची म्हणजे फटीतून ट्यूबलाइटचा उजेड शिरत नाही. मग लाल, हिरवे, निळे, करडे पट्टे एकामागून एक येतात आणि शेवटी स्क्रीनचं प्रोफाइल तयार होतं. एवढंच काम. पण विकत घ्यायला जा! स्पायडरएक्स नावाच्या यंत्राचं स्वस्त प्रो आणि महाग एलिट घ्या, आत सेन्सर तोच, फरक सॉफ्टवेअरचा. म्हणजे जास्तीचे हजारो रुपये मोजायचे ते कुलूप उघडायला.

आणि कुलूप कशाला लावलंय बघा. प्रिंटवाल्याला उजेड हवा तेवढा, म्हणजे समजा ९५ कॅंडेला, ठरवता यायला हवा. व्हाइट पॉइंट, म्हणजे स्क्रीनच्या पांढऱ्याची छटा, तीही हवी तशी सरकवता यायला हवी, कारण ६५०० केल्विनचा पांढरा शेजारी धरलेल्या कागदापुढे निळसर दिसतो आणि ५००० कधी कधी पिवळट. मधला कुठलातरी आकडा आपल्या कागदाला, आपल्या खोलीतल्या दिव्याला जुळवून शोधायचा असतो. स्वस्त पेटीत ठरावीक तयार पर्याय, त्यातला निवडा आणि गप्प बसा. ज्याला नुसते सिनेमे बघायचेत त्याचं भागेल. ज्याच्यासाठी हे यंत्र मुळात आहे, त्याचीच अडवणूक! याला लूट नाही तर काय म्हणायचं?

नावांचा गोंधळ आणखी वेगळा. १९७६ पासून कलरचेकर म्हणजे २४ रंगीत चौकोनांचा तक्ता. एक्स-राइट कंपनीचा फोटोग्राफीचा माल २०२१ मध्ये कॅलिब्राइट कंपनीकडे गेला आणि स्क्रीनच्या सेन्सरवरही तेच नाव आलं. आता दुकानात कलरचेकर मागा, कलरचेकर पासपोर्ट नावाचं रंगीत चौकोनांचं कार्ड पुढे येतं. अहो, कार्ड कॅमेऱ्यासाठी आहे, ते काय स्क्रीनला चिकटवू? नुसता स्क्रीन मोजणारा कलरीमीटर वेगळा, छापील कागदही मोजून प्रिंटरचं प्रोफाइल बनवणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर वेगळा. विकणाऱ्याला एवढं तरी ठाऊक नको?

बॅकलाइटचं तर विचारूच नका. कलरीमीटरचे फिल्टर माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून बॅकलाइटच्या जातीप्रमाणे सॉफ्टवेअरला दुरुस्ती लावावी लागते. साधा व्हाइट एलईडी की वाइड गॅमट, म्हणजे जास्त रंग दाखवणारा, हे चुकलं तर पांढऱ्यावरच रंगाची छटा चढते. मॉनिटरच्या पेटीवर ही माहिती नसते. दुकानात विचारलं तर, "एलईडीच आहे सर."

"मग सेकंड हँड घ्या ना," असं सांगणारे भेटतात. जुन्या ट्यूबवाल्या बॅकलाइटच्या जमान्यातला सेन्सर, फिल्टर विटलेले, तो आजच्या वाइड गॅमट पॅनेलवर लावून काय मोजू?

त्यातल्या त्यात ग्रॅम गिल यांच्या आर्गिल सीएमएस या सॉफ्टवेअरमुळे जीव वाचतो. फुकट आहे, स्पायडर आणि एक्स-राइट-कॅलिब्राइट, दोन्ही घराण्यांचे बरेच सेन्सर चालवतं, हवा तो उजेड, हवा तो व्हाइट पॉइंट देतं. कमांड टाइप करायची तयारी हवी, किंवा बटणं दाबून ते चालवता यावं म्हणून डिस्प्लेकॅल नावाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर बसवायचं. एका माणसाने लिहून फुकट दिलेली गोष्ट जे करते, त्याचे पैसे पेटीवाले वेगळे मागतात आणि वर त्याला "एलिट" म्हणतात. संताप नाही येणार तर काय?

आणि पुण्यातल्या भाड्याने सामान देणाऱ्यांनो, तुमच्यावरही राग आहे माझा. लग्नसराईत लेन्स मिळते, गणपतीत गिंबल मिळतो, लाइट, ट्रायपॉड, ड्रोन सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं. जे यंत्र महिन्यातून तासभर लागतं, ते मात्र ज्याने त्याने विकतच घ्यायचं? एक ठेवा दुकानात. डिपॉझिट घ्या, आधार कार्डाची झेरॉक्स घ्या, भाडं म्हणाल ते देतो. पण ठेवा.